काळा शिक्का

नऊ जून दोन हजार अकरा. रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये. हजर माणसं चार: आमच्या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, रामय्या मिस्त्री, हिशेब विभागात नुकताच लागलेला मी, आणि ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे ते.

रक्कम होती जाड लोखंडी प्लेटची. ती चाळीस मिलिमीटर आखूड कापली गेली होती, कारण कापणाऱ्याच्या हातात जुनं ड्रॉइंग होतं. साहेब ओरडत होते. मिस्त्री मान खाली घालून उभे होते. मी नुकसानीचा आकडा वहीत मांडत होतो. आणि ते मिस्त्रींसमोर तळहात पसरून उभे होते, प्रसाद मागावा तसे.

"जुना द्या, नवा घ्या," ते म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे वळले. "अहो, इथं पावणेदोन लाख गेले, आणि तुम्हाला कागद सुचतोय?"

"व्हय साहेब. कागदापायीच गेले की."

एक लाख चौऱ्याऐंशी हजारांना पावणेदोन लाख म्हटलेलं मला खटकलं होतं, पण त्या क्षणी बोलायची माझी टाप नव्हती. त्यांची होती. मिस्त्रींनी कापडी पिशवीतून जुना कागद काढून दिला, तेव्हाच त्यांचा हात खाली आला.

आमचा कारखाना सोलापूरच्या एमआयडीसीत आहे. साखर कारखान्यांना लागणाऱ्या बंद टाक्या, रस तापवायची यंत्रं असलं आम्ही बनवतो. एका टाकीची दहा-बारा ड्रॉइंगं असतात. गिऱ्हाइकानं काही बदल सांगितला की ड्रॉइंग बदलतं आणि त्याला पुढचा नंबर लागतो. नंबर एक गेला, दोन आला. दोन गेला, तीन आला. चित्र बहुतेक वेळा तेच असतं, एखादा आकडा वेगळा असतो. म्हणून जुना कागद दुकानात, म्हणजे जिथं प्रत्यक्ष लोखंडाचं काम चालतं त्या शेडमध्ये, राहता कामा नये. तो परत घेणं, त्यावर काट मारणं, नवा देणं, कुणाला किती वाजता दिला त्याची सही घेणं, एवढंच त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी ते केलं.

आमची खोली एकच होती. मध्ये छातीपर्यंत उंच लाकडी पार्टिशन, अलीकडे मी, पलीकडे ते. त्यामुळे मी त्यांना जवळजवळ रोज आठ तास पाहिलं आहे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, उजव्या बाहीच्या कडेला कायमचा लाल डाग. टेबलावर शिक्का, शाईचा पॅड आणि दोरीनं टेबलाच्या पायाला बांधलेली कात्री. कात्री का बांधली, असं मी एकदा विचारलं. "माणसं कात्री परत करत न्हाईत," ते म्हणाले. "कागद करतील एक वेळ."

दुकानात जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर ते लाल शिक्का मारत. लाल शिक्का म्हणजे ही खरी प्रत, हिच्यावरून काम करा. परत आलेल्या प्रतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल काट मारत आणि नंबर लिहिलेला उजवा कोपरा कापून फाइलला लावत. उरलेला मोठा कागद फुकट. कामगार तो जेवायला पसरायला नेत. अर्ध्या कारखान्याच्या कडक भाकऱ्या त्यांनी रद्द केलेल्या टाक्यांवर मोडल्या गेल्या. त्यांच्या घरच्या मुलांच्या वह्यांना कव्हरंही त्याचीच होती. मी गेलो होतो तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, फडताळातले कागद दाखवले. "घरात एक भिंत सरळ न्हाय आन् कागदावर बघा, कसली कसली यंत्रं." ते लाजून हसले होते.

कारखान्यात त्यांना सगळे शिक्केवाले काका म्हणत. फक्त रामय्या मिस्त्री नुसतं "शिक्का" म्हणत. दोघं एकाच वर्षी लागले होते. मिस्त्री शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, वडील मागावर कापड विणणारे. ते मंगळवेढ्याकडचे, सुगीला चार दिवस रजा घेऊन ज्वारी काढायला जाणारे. मिस्त्री दारातूनच हाक मारत, "काय शिक्का, आज कुणाला रद्द केलं?"

"तुमचाच नंबर हाय. या."

"मला रद्द केलं तर टाकी कोण करणार? हे?" आणि माझ्याकडे बोट. "हे गृहस्थ टाकीचा हिशेब करतील, पण पाणी भरलं की हिशेब गळंल."

असलं रोज चालायचं. मी हसत नसे, पण मला आवडायचं.

त्यांच्या काटेकोरपणाचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे तुम्हाला माणूस कळेल. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या आणि मुहूर्त बदलला. अकरा बेचाळीसचा बारा वीस झाला. दुसऱ्या कुणी फोन केले असते. त्यांनी नव्या पत्रिका छापल्या आणि एकशे चाळीस घरी पुन्हा गेले. दारात उभं राहून म्हणायचे, "जुनी पत्रिका द्या, ही नवी घ्या." लोकांना वाईट वाटलं. दिलेलं आमंत्रण कुणी परत मागतं का? माझ्याही घरी आले. माझी बायको जुनी पत्रिका शोधेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. एकशे सदतीस पत्रिका परत मिळाल्या, तीन मिळाल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी हा माणूस मांडवाच्या दारात उभा राहून ती तीन घरं आली का, ते बघत होता. तिन्ही घरं साडेअकरालाच आली. त्यांनी तिघांचीही हात जोडून माफी मागितली आणि पाऊण तास स्वतः त्यांच्याजवळ बसून राहिले.

पुढे कॉम्प्युटर आला. ड्रॉइंगं सर्व्हरवर ठेवायची ठरली. डिझाइनमधल्या इंजिनिअरांनी फायलींना नावं दिली होती: फायनल, फायनल नवीन, फायनल खरी, फायनल साहेबांनी बघितलेली. त्यांनी बावन्नाव्या वर्षी एका बोटानं टायपिंग शिकून त्या सगळ्यांना नंबर लावले. दोन महिने लागले. एक इंजिनिअर चिडून म्हणाला, "काका, आता प्रिंटच बंद होणार. तुमचा शिक्का कुठं मारणार, स्क्रीनवर?"

"मी कुटं मारायचं ते मी बघतो. तू आदी सांग, ह्यातली खरी कंची?"

तो एकेक फाइल उघडून बघू लागला.

हे सगळं मी गंमत म्हणून आठवत असे. दोन हजार तेवीसच्या जुलैपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. टाकी बनली की ती एका तात्पुरत्या झाकणानं बंद करतात, पाणी भरतात आणि पंपानं दाब देऊन बघतात की कुठं गळते का. हे टेस्टिंगचं झाकण दुकानातच बनवतात, त्याचंही ड्रॉइंग असतं. ते झाकण वर्षानुवर्षं रामय्या मिस्त्रीच बनवत आणि टेस्टही तेच घेत. झाकणाची जाडी वीस मिलिमीटर. जुलैत एका गिऱ्हाइकानं जास्त दाबाची टाकी मागितली, म्हणून झाकणाचं ड्रॉइंग बदललं. चित्र तेच. जाडी वीसऐवजी अठ्ठावीस. नंबर तीन जाऊन चार आला.

मिस्त्री नवा कागद घ्यायला आले. गंमत न करता आले, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. मिस्त्रींनी घडी केलेला जुना कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडला, ट्यूबलाइटखाली धरला, मग बोट जिभेला लावून शिक्क्यावरून फिरवलं. लाल शाई असती तर बोटाला लागली असती. लागली नाही. शिक्का काळा होता.

म्हणजे तो झेरॉक्स होता. एवढा मोठा कागद सोलापुरात दोन-तीन ठिकाणीच झेरॉक्स होतो.

"मिस्त्री," ते म्हणाले.

"हं."

"खरा कुटाय?"

मिस्त्रींनी पार्टिशनवरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते हळू आवाजात बोलले, पण मला ऐकू आलं. "त्याच्यावर माझं सगळं लिहिलंय, शिक्का. कुठला बोल्ट आधी, कुठला मागनं, किती आवळायचा, पॅकिंग किती दाबायचं. एकोणीस वर्षांचं. तू लाल काट मारणार, कोपरा कापणार. मग मी काय करू? मला आता पाठ राहत नाही रे."

हे खरं होतं. मी तो कागद एकदा दुकानात पाहिला होता. चित्राच्या भोवतीनं पेन्सिलीची बारीक, गोल तेलुगू अक्षरं, बाण, आकडे. त्या अक्षरांतलं मिस्त्रींशिवाय कुणालाही काही वाचता येत नव्हतं.

तुम्ही कधी असा माणूस पाहिला असेल, जो एकतीस वर्षांत एकदाही नियमापासून ढळला नाही. तो पहिल्यांदा ढळतो तेव्हा कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.  काळ्या शिक्क्याची प्रत त्यांनी कपाटात ठेवली, काट मारली नाही, कोपरा कापला नाही. रजिस्टर उघडलं. जुनी प्रत परत, या रकान्यात बरोबरची खूण केली. मिस्त्रींची सही घेतली. नवा कागद दिला.

"आट दिवस," ते म्हणाले. "नव्यावर उतरून काडा सगळं. मग खरा आणून द्या."

"आणतो की."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. ते पार्टिशनशी येऊन उभे राहत आणि मिस्त्री दिसले की विचारत, "आमचं काय राहिलंय?" मिस्त्री म्हणत, "आणतो की. निम्मं उतरलंय." मग हंगामाची घाई सुरू झाली. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी सगळ्यांना टाक्या हव्या असतात. मिस्त्री दोन पाळ्या करू लागले. ऑगस्टमध्ये त्यांनी तीनदा विचारलं, सप्टेंबरमध्ये एकदा. मी मोजत होतो असं नाही. माझ्या कानावर पडत होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दुकानातून आवाज आला. मोठा नव्हता. लोखंडी दार वाऱ्यानं आपटावं तेवढाच. मग पंप बंद झाला, मग ग्राइंडर बंद झाले, आणि ती शांतता कारखान्यातल्या कुणालाही न सांगता कळते.

झाकण वाकलं होतं. एका बाजूचे बोल्ट तुटले आणि झाकण मिस्त्रींच्या छातीवर आलं. गळती दिसते का ते बघायला ते समोर वाकले होते. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. त्याचा काही उपयोग नाही, हे उचलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कुणीतरी झाकणाची जाडी मोजली. वीस.

नवा कागद, नंबर चार, लाल शिक्क्याचा, टाकीशेजारच्या स्टँडवर नीट लावलेला होता. त्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेल्या चार तेलुगू ओळी होत्या. निम्मंही उतरलं नव्हतं. साहेबांनी मिस्त्रींची पेटी उघडायला लावली. जेवणाच्या डब्याखाली नंबर तीन होता, तेलकट, सगळीकडून लिहिलेला, लाल शिक्क्याचा.

साहेब तो कागद हातात धरून म्हणाले, "हा परत आलाय ना रजिस्टरला?"

ते, रजिस्टर लिहिणारे, माझ्याशेजारी उभे होते.  साहेबांना उत्तर नको होतंच. ते आमच्या सगळ्यांकडे बघून म्हणाले, "चोरून ठेवला. बघा. माणसाला किती सांगायचं?"

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. साहेब, पर्सोनेलचे अधिकारी, ते आणि टिपण लिहायला मी. इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. कामावर माणूस गेला तर कायद्याप्रमाणे जे मिळायचं ते घरच्यांना मिळतंच, चूक त्याची असली तरी. पण आमच्या कारखान्यात घरातल्या एकाला नोकरी देण्याची पद्धत होती, आणि तिला एक अट होती: चूक त्या कामगाराची नसली पाहिजे. मिस्त्रींच्या मागे पद्माबाई, त्यांची बायको, आणि शिकणाऱ्या दोन मुली. पद्माबाई घरी विड्या वळायच्या. हजार विड्यांना काय मिळतं ते मला ठाऊक आहे. त्यात भाडं आणि दोघींची फी बसत नाही.

साहेब म्हणाले, "रजिस्टर स्वच्छ आहे. जुनी प्रत परत आल्याची खूण आहे, मयताची सही आहे. त्यानं दुसरी प्रत लपवून ठेवली होती. ऑफिसकडून काही चूक नाही. लिहा."

मी लिहू लागलो.

"थांबा," ते म्हणाले. मला म्हणाले, साहेबांना नव्हे. मग उठले, कपाटाकडे गेले आणि घडी केलेला कागद आणून टेबलावर उघडला. "ही बगा परत आलेली. शिक्का काळा हाय."

पर्सोनेलच्या अधिकाऱ्यांना कळलं नाही. साहेबांना लगेच कळलं. "म्हणजे त्यानं तुम्हाला झेरॉक्स देऊन फसवलं."

"फसवलं न्हाय. मला त्याच वक्ताला कळलं होतं. मिस्त्रीनं चोरला न्हाय, साहेब. मी ठेवू दिला."

साहेबांनी कागद बाजूला सारला. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काका, तुम्हाला रिटायर व्हायला किती राहिलंय?"

"दीड वर्स."

"दीड वर्ष. मग कशाला? तो गेला. आता त्याला काय फरक पडतो? तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय धक्क्यानं. घरी जा, झोपा, परवा बोलू."

"परवा बी शिक्का काळाच राहील की."

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही समोरच बसता. तुम्ही काही पाहिलंत?"

मी म्हणालो, "मी माझ्या कामात असतो, साहेब."

हे वाक्य मी इथं जसंच्या तसं लिहून ठेवतो. ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या उत्तराची त्यांना गरजही नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं जबाब लिहिला, दोन प्रती. एक आवक टेबलावर देऊन नंबर घेतला, दुसरी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात नेऊन दिली. दोन्ही प्रतींवर लिहिलं होतं, "दोहोंत फरक नाही."

त्यानंतर जबाब बदलणं शक्य नव्हतं. कंपनीलाही एक चुकलेला माणूस हवाच होता, आणि मेलेल्यापेक्षा सही करून देणारा जास्त सोयीचा. अहवालात चूक ड्रॉइंग ऑफिसची ठरली. पद्माबाईंना स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून घ्यायचं ठरलं. आणि ज्यांनी जबाब लिहिला त्यांना निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी केलं.

मिस्त्रींच्या बाराव्यानंतर दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. "पूर्व भागात सोडता का? मला ते घर सापडत न्हाय." एकतीस वर्षांत ते मिस्त्रींच्या घरी असंख्य वेळा गेले असतील. मी स्कूटर काढली.

पद्माबाई दारातच सुपात तंबाखू घेऊन बसल्या होत्या. हातात पान होतं, पण विडी वळली जात नव्हती. थोरली मुलगी आत भांडी लावत होती. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, झेरॉक्स, काळा शिक्का, आठ दिवस. कागद वाचून दाखवावा तसं, क्रमानं, काही न गाळता. नोकरीचं मात्र बोललेच नाहीत. ते मी मध्येच घुसडलं. "त्यांनी खरं सांगितलं म्हणून तुम्हाला स्टोअरला घेतायत, वहिनी."

पद्माबाईंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"जुना ह्यांच्याकडंच आहे, कामाला वापरतात, ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग नवा दिला कशाला? द्यायचा नाही. खरा आण म्हणायचं, परत पाठवायचं. भांडले असते. शिव्या दिल्या असत्या तुमाला. घरी येऊन मला सांगितलं असतं, शिक्का असा, शिक्का तसा." त्यांनी पान सुपात टाकलं. "घरी तर आले असते."

ते उभेच होते. त्यांचा उजवा हात थोडा उचलला गेला होता, काही घ्यायला किंवा द्यायला असतो तसा, आणि मध्येच राहिला होता. मुलीनं आतून दार पुढं लोटलं. आम्ही निघालो.

सात रस्ता चौकात सिग्नल लागला.  मागून ते म्हणाले, "हितलं ते झेरॉक्सचं दुकान साठ रुपये घेतंय मोट्या कागदाला. मी इचारून आलो. काट मारून झेरॉक्स दिला असता, तर त्यांचं लिवलेलं बी ऱ्हायलं असतं." सिग्नल सुटला. मी गाडी पुढं काढली.

राहिला हिशेब. तो माझ्याकडे आला.

एकतीस वर्षांची ग्रॅच्युइटी चार लाख पासष्ट हजार निघाली. निष्काळजीपणानं कंपनीचं नुकसान करून कमी केलेल्या माणसाच्या ग्रॅच्युइटीतून नुकसानीएवढी रक्कम कापता येते. टाकी, पंप आणि इतर मिळून नुकसान तीन लाख एकाहत्तर हजार, असा कागद साहेबांनी पाठवला. मी तीन दिवस तो कागद घेऊन बसलो. वाकलेलं झाकण, टाकीची तुटलेली बाजू, पंपाचा सांगाडा हे सगळं भंगारात गेलं होतं आणि त्याचे पैसे कंपनीला आले होते. ते नुकसानीतून वजा व्हायला हवेत, असं मी लेखी कळवलं. अठ्ठावन्न हजार सहाशे. साहेबांनी दोनदा कागद परत पाठवला, मी दोनदा तोच आकडा लिहिला. तिसऱ्यांदा सही झाली. पार्टिशनवरून सगळं पाहिलेल्या माणसानं एवढंच केलं, आणि तेही भंगाराच्या नियमाच्या आडोशानं.

ते मंगळवेढ्याला निघून गेले होते. सोलापुरातलं भाड्याचं घर सोडलं होतं. त्यांच्या जागेवर आता कुणी बसत नाही. दुकानात प्रत्येक मशीनशेजारी स्क्रीन लावला आहे, त्यावर फक्त शेवटचा नंबर दिसतो, जुना उघडतच नाही. साहेब पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवतात.

चेक तयार झाल्याचा निरोप मी धाडला आणि ते सात डिसेंबरला एसटीनं आले. सात तारीख पगाराची. पद्माबाईंचं बँकेचं खातं उघडायचं राहिलं होतं, म्हणून त्यांचा पहिला पगार रोख द्यायचा होता. माझ्या खिडकीबाहेर एकच बाक आहे. पद्माबाई त्यावर बसल्या होत्या, स्टोअरचा निळा कोट साडीवर घातलेला, बाह्या लांब. ते फाटकातून आले आणि त्यांना पाहून थबकले. पद्माबाईंनी पाहिलं. पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं.

ते मागं फिरले आणि सायकल स्टँडजवळ उन्हात उभे राहिले. पद्माबाईंनी पैसे दोनदा मोजले, सही केली, गेल्या. पाठ वळवूनच गेल्या. मग ते खिडकीशी आले. व्हाउचर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. भंगाराच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे कुणी वजा केलं?"

"नियम आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, चौकशीच्या दिवसानंतर. मग सही केली, तारीख घातली, वेळ घातली. चेक घडी न करता शर्टाच्या आत, छातीशी सरकवला आणि फाटकाबाहेर गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

सात डिसेंबरला माझ्या खिडकीतून दोन रकमा गेल्या. श्रीमती पद्माबाई, स्टोअर मदतनीस, अकरा हजार दोनशे रुपये. आणि त्यांना, एक लाख बावन्न हजार सहाशे.